बुधवार, रात्रीचे आठ

मुकुटबनच्या घरात, माळ्यावरच्या ट्रंकेत एक एलपी सापडते. ‘गीतमाला की छाँव में’. कव्हर कसरीनं खाल्लंय, तबकडी मात्र धड आहे. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं तुम्ही ती पुसता. सुई टेकते, आधी फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो आणि मग अमीन सयानी बोलू लागतात. गाणी आहेतच, पण तुम्ही ऐकताय ते मधलं बोलणं. हिंदी सिनेगाण्याची हकिकत एखाद्या शेजाऱ्यानं ओट्यावर बसून सांगावी, तशी. ‘बहनो और भाइयो’ कानावर पडतं आणि रस्त्यावरच्या सिमेंटच्या ट्रकांची घरघर थांबते.

घर तेच, पण आता कंदिलाच्या उजेडात. डिसेंबर १९५७. हवेत शेकोटीचा धूर, कोपऱ्यात वेचून आणलेल्या कापसाचा ढीग. तुमचे आजोबा जेमतेम तिशीचे! रेडिओसमोर वाकून ते काटा केसभर पुढं, केसभर मागं करतायत. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. छपरावर दोन बांबूंमध्ये तांब्याची जाळी ताणलीय, रेडिओमागं ड्राय बॅटरीचा विटेएवढा डबा. ओसरीवर दहा-बारा माणसं. कुणीतरी तेलुगूत काही विचारतं.

“बोलू नका बाप्पा, आवाज जाते!” आजोबा ओरडतात.

आवाज जातोच. शॉर्टवेव्हचं रेडिओ सिलोन लाटेसारखं अंगावर येतं आणि ओसरतं. गंमत अशी की सयानी बोलतात मुंबईतल्या स्टुडिओत. टेप विमानानं कोलंबोला जाते आणि तिथून गाणं मुकुटबनला येतं. हा वळसा पडला तो एका मराठी माणसामुळे. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कैवारी. त्यांच्या धोरणानं १९५२ मध्ये आकाशवाणीवरून सिनेगाणी जवळपास हद्दपार झाली आणि त्याच डिसेंबरात तिकडे सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. यंदा ३ ऑक्टोबरला आकाशवाणीनं विविध भारती काढली खरी, पण बुधवारी आठला या घरातला काटा कोलंबोवरच.

आता जे वाजतं, त्यानं ओसरी दचकते. ‘ईना मीना डीका’. किशोरकुमार सुटलेत, मागं सॅक्सोफोन.

“हे काय बे, पोट्ट्यायचा खेळ व्हय का?” एक म्हातारे विचारतात.

तुम्हाला हसू येतं, कारण म्हातारे बरोबर आहेत. गाण्याचं तोंड पोरांच्या खेळातल्या मोजणीवरून सुचलं, असं सांगतात, आणि जॉन गोम्स या गोव्याच्या वादकानं त्यात कोकणीतलं ‘मला नको’ मिसळलं. अमेरिकेत १९५५ साली बिल हेलीच्या ‘रॉक अराउंड द क्लॉक’नं धुमाकूळ घातला होता. तो रॉक अँड रोल ‘आशा’ सिनेमातून या ओसरीवर आणला सी. रामचंद्र यांनी, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी. गाणं शिकले कुठं, तर आपल्या नागपुरात, शंकरराव सप्र्यांकडे. यालाच लोक परदेशी थेर म्हणणार!

एका पोराचा पाय मात्र कापसाच्या ढिगात आपोआप ठेका धरतो. आजी डोळे वटारते. पाय थांबतो, मग अंगठाच हलत राहतो.

बॅटरी मंदावते. सयानींचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. आजोबा डब्याला चापट मारतात, आणखी एक मारतात.

“औंदा सालाचा पैला नंबर कोनाचा येईन गा?” कुणीतरी अंधाराला विचारतं.

उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. रॉक अँड रोल नव्हे. सरताज ठरणार एस. एन. त्रिपाठींचं ‘ज़रा सामने तो आओ छलिये’, भजनाच्या वळणाचं. म्हातारे खूश होतील. सांगायला तुम्ही तोंड उघडता.

खट्. खट्. सुई शेवटच्या रेघेत अडकून फिरतेय. बाहेरून ट्रक जातो आणि ट्रंकेची कडी थरथरते.