उपाशी कोण, हे ठरवणारा आकडा

मजुरीच्या एका वाटाघाटीत समोरच्या पक्षाने आम्हांस ऐकवले, "माणूस कमी खाऊनही निभावतो, असे शास्त्राने सिद्ध केले आहे." कोणाचे शास्त्र, कुठे छापलेले, हे त्यांना ठाऊक नव्हते. आमची शाळा लवकर सुटलेली. आम्हांसही उत्तर सुचले नाही. पुढे त्या वाक्याचा माग काढीत आम्ही एका जुन्या वादापाशी पोहोचलो.

१९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावर निबंध प्रसिद्ध केला. माणशी दररोज २२५० उष्मांकांचे अन्न ज्या खर्चात मिळते, ती त्यांनी गरिबीची रेषा धरली. १९६०-६१च्या पाहणीवरून खेड्यांत सुमारे ४० आणि शहरांत सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली निघाले.

जागतिक अन्न व शेती संघटनेत अनेक वर्षे काम केलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी अशा मोजणीवर हरकत घेतली. गरजेचा आकडा सरासरीचा. निरोगी माणसाचे खाणेही आठवड्या-आठवड्याला कमीजास्त होते. मग सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी कसा? रेषा खाली हवी. म्हणजे माणूस तोच, भाकरी तीच; रेषा सरकली की तो उपाशांच्या यादीतून गेला! उलट उत्तर आले, की गरीब कमी खातो तो पैसा नाही म्हणून. आणि शरीर निभावते त्याची किंमत खुंटलेल्या वाढीत व घटलेल्या कामात मोजावी लागते.

मग सुखात्म्यांवर विश्वास ठेवूच नये काय? तसे नव्हे. जगभर प्रथिनांच्या तुटीचा गवगवा होता, तेव्हा पोटभर अन्न मिळाल्यास आपल्या धान्य-डाळीच्या आहारात प्रथिने बहुधा पुरतात, असे त्यांनी मांडले. तज्ज्ञांचे मत पुढे त्याच बाजूला झुकले. एकाच विद्वानाचे एक विधान टिकते, दुसऱ्यावर वाद उरतो. म्हणून नावावर न जाता प्रत्येक विधान वेगळे तपासावे.

आम्ही आता निष्कर्षाआधी मोजमाप वाचतो: रेषा कुठे आखली, का आखली, कोणाला मोजले, हरकत कोणाची. आमच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरही मुलाचे वजन वयाच्या मानाने पाहिले की उंचीच्या मानाने, यावर कुपोषितांच्या यादीतील नावे बदलतात.

पुढच्या बैठकीत आम्ही एवढेच म्हटले, "तो निबंध आणा, मिळून वाचू." निबंध आला नाही, मजुरीवर बोलणे मात्र सुरू झाले.