ईटन फिश
इराणी व्यंगचित्रकार अली दोरानी यांचे टोपणनाव. अर्थ ‘खाल्लेला मासा’. नाव गमतीचे वाटते, चित्रे तशी नाहीत. २०१३ मध्ये ते होडीने ऑस्ट्रेलियात आश्रय मागायला आले आणि त्यांची रवानगी पापुआ न्यू गिनीतील मानस बेटावरच्या स्थानबद्धता छावणीत झाली.

कुंपण, पहारेकरी, आजारपण, अपमान हे सारे त्यांनी तिथेच कागदावर उतरवले. पत्रकारांना छावणीत सहजी प्रवेश नसे; त्यामुळे तपशिलांनी गच्च भरलेली ही चित्रे जवळजवळ साक्षच ठरली.

एप्रिल २०१६ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने ही स्थानबद्धता बेकायदा ठरवली. त्याच वर्षी दोरानींना ‘कार्टूनिस्ट्स राइट्स नेटवर्क इंटरनॅशनल’चा धैर्य पुरस्कार मिळाला. सुटका मात्र लांबली. डिसेंबर २०१७ मध्ये ते नॉर्वेतील स्ताव्हांगर शहरात पोहोचले.