प्रवासात मागे राहिलेला सोबती

१२ फेब्रुवारी २०१६ ची सकाळ. हुबळीच्या नेहरू मैदानावर मी नववी-दहावीची मुले घेऊन रांगेत उभा होतो. समोर तिरंग्यात लपेटलेले लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पद यांचे पार्थिव. गाव बेटदूर, तालुका कुंदगोळ. कुंदगोळ म्हटले की आम्हां मराठी मंडळींना सवाई गंधर्व आठवत; त्या दिवसापासून त्या गावाशी आणखी एक नाव जोडले गेले. रांगेत कन्नड होते, मराठी होते, उर्दू बोलणारे होते. पण बोलत कोणीच नव्हते.

शाळेकडे परतताना एका मुलाने विचारले, "सर, सियाचीनहून विमानाने आणता येतं. पण उद्या मंगळाच्या वाटेवर यानातच कोणी वारलं, तर त्याला कोण आणणार?" मी इतिहासाचा मास्तर. "वाचून सांगतो," एवढेच म्हणालो. ते सांगणे राहूनच गेले होते. आज या निमित्ताने सांगतो.

हा प्रश्न आमच्या घरात फार पूर्वी येऊन गेला होता. १९७८ साली मी तिसरीत असताना मालवाहू बोटीवर खलाशी असलेले आमचे धाकटे काका तापाने वारले. बंदर बरेच दिवसांच्या अंतरावर होते. कप्तानाचे इंग्रजी पत्र आले. त्यात तारीख होती, वेळ होती, कोणकोण हजर होते ते होते आणि देह समुद्रात सोडला त्या जागेचे अक्षांश-रेखांश होते. आजोबांनी माझा शाळेचा नकाशासंग्रह मागून घेतला आणि हिंदी महासागरात पेन्सिलीने एक ठिपका काढला. मग भटजींना बोलावून पालाशविधी झाला. परगावी मेलेल्याचा देह हाती आला नाही, तर पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी द्यावा, ही तोड आपल्या पूर्वजांनीच काढून ठेवलेली आहे. आजी मात्र म्हणे, "त्या साहेबानं जागा लिहून पाठवली, हे बरं केलं." तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

इतिहास चाळताना तो कळत गेला. १९१२ च्या मार्चअखेर दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे दोन सोबती तंबूतच गोठून मेले. १२ नोव्हेंबरला शोधपथक तेथे पोहोचले. त्यांनी प्रार्थना म्हटली, तंबूच त्यांच्यावर उतरवला, वर बर्फाचा ढीग रचून स्कीच्या पट्ट्यांचा क्रूस उभा केला. देह तेथेच राहिले. परत आल्या त्या रोजनिशा आणि त्यांनी अखेरपर्यंत ओढून आणलेले दगडांचे नमुने.

आपलाही त्या खंडाशी संबंध आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये आपल्या शेजारच्या गोव्याहूनच निघाली. नवव्या मोहिमेत, ८ जानेवारी १९९० रोजी, हम्बोल्ट पर्वतातील तळावर भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे तीन शास्त्रज्ञ आणि नौदलाचा एक संदेशवहन तंत्रज्ञ असे चौघे अपघातात दगावले. तेथील स्मृतिफलक आज अंटार्क्टिकाच्या अधिकृत ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहे. देशोदेशींनी मिळून त्या जागेची नोंद ठेवली आहे.

आणि सियाचीन. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सुमारे १९,६०० फुटांवरील सोनम चौकीवर हिमकडा कोसळला. १९ मद्रास पलटणीचे दहा जण गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील नर्सिंग असिस्टंट सुनील सूर्यवंशीही होते. श्वास घेणे कठीण अशा त्या उंचीवर दीडशेहून अधिक जवान, डॉट आणि मीशा ही कुत्री घेऊन, बर्फ फोडत राहिले. सहाव्या दिवशी हनुमंतप्पा जिवंत सापडले. ११ तारखेला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला. इतर नऊ पार्थिवे हाती आली, तरी खराब हवेमुळे १५ तारखेपर्यंत दिल्लीला पोहोचू शकली नाहीत. त्याच हिमनदीवर मे १९८४ मध्ये हरवलेले लान्स नाईक चंद्रशेखर २०२२ मध्ये, अडतीस वर्षांनी, सापडले. ओळख पटली ती धातूच्या पट्टीवरील सैन्यक्रमांकावरून.

आता अवकाश. प्रत्यक्ष अवकाशात मृत्यू आला तो १९७१ च्या जूनअखेर, सोयूझ-११ मधल्या तिघा सोव्हिएत अंतराळवीरांना. परतताना यानातली हवा निघून गेली. पण यान त्यांना घेऊन ठरल्याप्रमाणे जमिनीवर उतरले. आजवर एकाही अवकाशस्थानकात सोबत्याचे प्रेत सांभाळण्याची वेळ आलेली नाही. स्थानकावरून काही तासांत परतता येते, चंद्रावरून काही दिवसांत. मंगळाची जाऊन-येऊन सफर मात्र दोन-तीन वर्षांची, आणि तेथून निघालेला निरोप पृथ्वीवर पोहोचायलाच तीन ते बावीस मिनिटे लागणार. कोंदट यानात कुजणारा देह जिवंतांच्याही जिवावर उठेल. म्हणून तो पिशवीत बंद करून थंड जागी ठेवावा लागेल. मंगळावर पुरावा, तर आपल्या देहातील जंतू त्या ग्रहाला लागू नयेत, ही १९६७ च्या अवकाश करारातून आलेली जबाबदारी आड येते.

या सगळ्याची तालीम आधीच केली जाते, हे वाचून मी थक्क झालो. कॅनडाचे अंतराळवीर क्रिस हॅडफील्ड यांनी लिहिले आहे की, उड्डाणापूर्वी त्यांच्याच मृत्यूची तालीम झाली आणि तीत त्यांची पत्नीही बसली होती. देहाचे काय करायचे, घरच्यांना कोणी कळवायचे, हे सगळे जिवंतपणीच ठरले.

त्या मुलाला आज मी एवढेच सांगेन: बाळ, आणता आले तर सोबती आणतील. नाहीच आणता आले, तर देह सन्मानाने ठेवतील, जागा आणि वेळ खरी लिहून घरी कळवतील, आणि त्याचे अर्धे राहिलेले काम पुरे करतील. बोटीवरचा कप्तान याहून वेगळे काय करत होता?

२०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर राहून सुखरूप परत आले. आपली आणखी मुले जातील. त्यांच्या सामानाच्या यादीत ही गोष्टही असू द्या. माझा तो जुना नकाशासंग्रह शाळेच्या कपाटात आहे. हिंदी महासागराचे पान आता पिवळे पडले आहे, पण ठिपका अजून दिसतो.