बल्लभगडला निघून गेलेला दोस्त

फरीदाबादच्या पोस्टिंगवर आलो आणि पहिल्याच रविवारी मेट्रोनं बल्लभगड गाठलं. शेवटच्या स्टेशनला राजा नाहरसिंहाचं नाव आहे. 1857 च्या उठावात सामील झाला म्हणून इंग्रजांनी 1858 मध्ये त्याला चांदणी चौकात फाशी दिली. मला मात्र तिथं आठवला त्याच्या शंभर वर्षं आधीचा सूरजमल जाट.

ऑगस्ट 1760. सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली आणि त्याच सुमारास सूरजमल आपली फौज घेऊन छावणीतून निघाला, तो थेट बल्लभगडला आला. पानिपतच्या पाच महिने आधी उत्तरेतला मोठा दोस्त गेला. कारणं राजकारणाचीही होती. पण त्याचा सल्ला डावलला गेला, हेही इतिहासकार नोंदवतात. बायकामुलं, बुणगे आणि जड तोफा मागे ठेवा, हलक्या फौजेनं अब्दालीची रसद मारा, असं त्याचं म्हणणं होतं.

भाऊंना नुसतं हट्टी म्हणणं मला पटत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत उदगीरला इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी निजामाला नमवलं होतं. सहा महिन्यांपूर्वी जिनं जिंकून दिलं तीच गोष्ट मागे ठेवा म्हटलं, तर तिशीतल्या सेनापतीला पटणार कसं?

माझंही तेच झालं. एका डोंगरी पोस्टिंगवर वीस जणांची तुकडी माझ्याकडे होती. आदल्या वेळी पूर्ण सामानासह वेळेत पोहोचलो होतो, म्हणून पुन्हा तसंच ठरवलं. वयानं मोठा हवालदार म्हणाला, "साहेब, बर्फ भुसभुशीत आहे, निम्मं सामान खाली ठेवू." मी सगळ्यांसमोर त्याला गप्प केलं. सहा तास उशीर झाला आणि एका जवानाच्या पायाची दोन बोटं गेली. त्यानंतर हवालदार माझ्या प्रत्येक बोलण्यावर फक्त "जी साहेब" म्हणू लागला. बदली होईपर्यंत.

इथल्या कारखान्यांत नोकरीला लागलेले माजी सैनिक विचारतात, फौजेतली लीडरशिप सिव्हिलमध्ये कशी वापरायची? मी म्हणतो, सकाळच्या मीटिंगमध्ये पूर्वी कोण बोलायचं आणि आता बोलत नाही, ते आधी बघा. घरीसुद्धा.

पानिपतावर भाऊंची छावणी दाण्याला महाग झाली. 14 जानेवारी 1761 नंतर वाचलेले लोक उपाशी, उघडे दक्षिणेकडे निघाले, तेव्हा सूरजमलनं आपल्या मुलखात त्यांना अन्न, कपडे, औषधपाणी दिलं. धान्य त्याच्याकडे होतं.