व्हिक्टोरिया गोदींतील दोन तास

नांदेड-लातूरकडील वाचकांस रुईचा स्वभाव सांगावयास नको. गासडीच्या पोटांत शिरलेली ठिणगी तासन्‌तास धुमसते. ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीवर अशा हजारों गासड्या व सुमारें १,४०० टन स्फोटकें एकत्र होतीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं दुपारीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ती पेटली. एरव्हीं असला माल धक्क्यापासून दूर, पडावांत उतरवून घेत. युद्धाच्या घाईंत तो निर्बंध सैल झाला होता. कोणी म्हणे बोट बुडवा, कोणी म्हणे समुद्रांत ओढून न्या, कोणी म्हणे आग विझेल. निर्णायक आज्ञा कोणीच दिली नाहीं. कप्तान नाइस्मिथ भित्रे खचित नव्हते. खलाशांस उतरवून ते अखेरची पाहणी करण्यास परतले. पण जेथें धोकाच अंगवळणीं पडला, तेथें एकट्याचें धैर्य किती पुरणार? चार वाजून सहा मिनिटांनीं स्फोट झाला. अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशीं गेले.