सूर्याच्या अदृश्य तेजाचा शोध

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणच्या किनाऱ्यापासून बक्सरपर्यंत तिरकी गेली. विजयदुर्गास नॉर्मन लॉकियर, जेऊरला पुण्याचे प्रा. नायगमवाला आणि आम्हां जबलपूरकरांच्या शेजारच्या शहडोलला इंग्लंडचे राजज्योतिषी क्रिस्ती यांनी तळ ठोकले होते. एवढ्या खटाटोपातून पदरी पडत होती ती जेमतेम दोन मिनिटे. तेवढ्यात सूर्याचे प्रभामंडल टिपावयाचे!

पण ग्रहण कितीही अनुकूल लाभले, तरी एक पडदा दूर होत नव्हता. तो आपल्याच वातावरणाचा. सूर्याचे बरेचसे जंबुपार तेज ओझोनचा थर अडवितो. क्ष-किरण त्याहूनही उंचावर शोषले जातात. जीवसृष्टीचे हे कवच ज्योतिर्विदांच्या डोळ्यांवरची पट्टी ठरले होते. मेघनाद साहांनी १९३७ मध्ये ओझोनच्या थरापलीकडे सौर वेधशाळा नेण्याची कल्पना मांडली. तेथवर नेणारे वाहन तेव्हा नव्हते.

वाहन मिळाले ते युद्धातून. जर्मनांनी शहरांवर डागलेले व्ही-२ अग्निबाण अमेरिकेच्या हाती लागले. रिचर्ड टाउसी यांचे पहिले उपकरण जून १९४६ मध्ये बाणासह वाळवंटात असे गाडले गेले की, त्याचा मागमूसही लागला नाही. पुढे ते बाणाच्या शेपटाकडील पंखात बसविले, आणि १० ऑक्टोबरच्या उड्डाणानंतर जंबुपार वर्णपटाची फिल्म सुखरूप हाती आली. १९ एप्रिल १९६० रोजी हर्बर्ट फ्रीडमन यांच्या गटाने साध्या सूचिछिद्र कॅमेऱ्याने सूर्याचे पहिले क्ष-किरण चित्र घेतले. बाण स्वतःभोवती फिरत असल्याने ते फरकटलेले आले. तरीही हे किरण साऱ्या बिंबातून सारखे येत नसून क्रियाशील प्रदेशांवरील तप्त प्रभामंडलातून मुख्यतः येतात, हे कळले. क्ष-किरण आरशाला घासून गेले तरच परावर्तित होतात. या तत्त्वावरचा दूरदर्शक जाकोनी व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये वर पाठविला.

अग्निबाणाचा अवधीही मिनिटांचाच. ही कैद फोडली कृत्रिम उपग्रहांनी. पुण्याच्या ‘आयुका’त इस्रोच्या सहकार्याने घडलेला ‘सूट’ हा दूरदर्शक २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ यानातून निघाला, आणि पंधरा लक्ष किलोमीटरांवरून २०० ते ४०० नॅनोमीटरच्या जंबुपार प्रकाशात संपूर्ण सूर्यबिंब टिपू लागला.

याच पुण्यात नायगमवालांची वेधशाळा होती. ते निवृत्त होताच १९१२ मध्ये ती बंद झाली; तिचा मोठा दूरदर्शक कोडाईकनालला गेला. विद्या एका माणसाच्या आधारावर उभी राहिली, तर त्याच्याबरोबरच ती मावळते. सूर्याचे तेज पाहावयास उंची हवी हे खरे. पण त्याआधी माणसामागे टिकणारी संस्था हवी, हे आम्हांला या इतिहासातून अधिक शिकण्यासारखे वाटते.