मोरवडची आरती आणि जमैकाचे रेगे

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ब्रिटिश साम्राज्याच्या दोन टोकांना, एकमेकांची गंधवार्ताही नसलेल्या दोन दरिद्री समाजांनी जवळजवळ एकाच वेळी स्वतःचा असा धर्म उभा केला, आणि दोन्ही ठिकाणी पोथीपेक्षा सामूहिक गायनाला अधिक मान मिळाला. त्यांपैकी पहिला जमैका बेटावरील रास्ताफारी पंथ होय. त्याच्याच प्रेरणेने पुढे रेगे नावाचे संगीत जगभर गेले. दुसरा पंथ तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील, म्हणजे १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील, तळोदे तालुक्यात मोरवड येथे उदयास आला आणि ‘आप’ या नावाने ओळखला गेला. पहिल्या पंथाचे गायक लंडन-न्यूयॉर्कला स्थायिक होऊन आपल्या देवाचे नाव जगाला ऐकवतात, तर दुसऱ्याच्या प्रवर्तकाचे नाव खानदेशाबाहेरच्या बहुतेक मराठी वाचकांनी ऐकलेलेही नसते. दोन्हींच्या मुळाशी असलेली सामाजिक परिस्थिती मात्र इतकी सारखी आहे की, पुढे त्यांच्या वाटा एवढ्या निराळ्या का झाल्या, याचा शोध घेणे नंदुरबारच्या इतिहासासाठी उपयुक्त ठरते.

तापीचे काळ्या मातीचे खोरे आणि त्याच्या उत्तरेला सातपुड्याचे डोंगर अशी या जिल्ह्याची ढोबळ विभागणी आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी खानदेश ताब्यात घेतला तेव्हा डोंगरातील भिल्लांशी त्यांचा दीर्घकाळ संघर्ष झाला, आणि १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगाव येथे भिल्लांचीच पलटण उभारून त्या संघर्षाला आळा घातला. तलवारीने जे साधले नव्हते ते पुढे कर्जरोख्याने साधले. रोख महसूल, दिवाणी न्यायालये आणि सावकारी यांच्या कात्रीत सापडून मैदानी भागातील आदिवासींच्या जमिनी हळूहळू गुजर शेतकरी आणि व्यापारी यांच्याकडे गेल्या, आणि मूळचा जमीनधारक त्याच शेतावर ‘सालदार’ म्हणून राबू लागला. सालदार म्हणजे वर्षभराच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. उचल घेतलेली रक्कम फिटली नाही की त्याचे साल पुढच्या वर्षावर ढकलले जाई, आणि काही घरांत ते बापाकडून मुलाकडे चालत येई.

या व्यवस्थेत दारूचे स्थान मध्यवर्ती होते. मोहाची दारू आदिवासींच्या देवकार्यात, लग्नात आणि पंचायतीत पूर्वीपासून असली तरी १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ती घरी गाळणे गुन्हा ठरवून ठेकेदाराच्या दुकानातून विकत घेणे भाग पाडले. त्यामुळे जी वस्तू झाडाखाली वेचलेल्या फुलांपासून फुकटात तयार होत असे, तिच्यासाठी उधारी सुरू झाली, आणि अबकारी हे मुंबई इलाख्याच्या उत्पन्नाचे एक मोठे कलम बनले. दारू सोडा असा उपदेश या भागात जेव्हा जेव्हा झाला, तेव्हा तो सरकारच्या तिजोरीला आणि ठेकेदाराच्या गल्ल्याला एकाच वेळी झोंबला, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मध्यमवर्गीय समाजसुधारकांच्या मद्यपानविरोधाशी त्याची गल्लत करणे चुकीचे ठरेल.

असा उपदेश प्रथम मोठ्या प्रमाणावर १९२२-२३ मध्ये झाला. पालघरच्या किनाऱ्याकडून आलेली ‘देवी’ गावोगावी माणसांच्या अंगात येऊन बोलू लागली. दारू-ताडी पिऊ नका, मांस खाऊ नका, रोज अंघोळ करा, असे तिचे आदेश होते. सुरत जिल्हा आणि डांगप्रमाणेच ही लाट पश्चिम खानदेशातही आली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या चळवळीचे विवेचन करताना, आदिवासींनी वरच्या जातींचे आचार आंधळेपणाने उचलले नाहीत, तर त्या आचारांना चिकटलेली प्रतिष्ठा हिसकावून घेतली, असा मुद्दा मांडला आहे, आणि तो मोरवडलाही लागू पडतो.

मोरवडचे गुलाम महाराज हे भिल्ल समाजातले. १९३७ च्या सुमारास त्यांनी आरतीची प्रथा सुरू केली. दर सोमवारी लोक जमत, समूहाने आरती गात, आणि व्यसन, मांसाहार, चोरी व भांडणतंटा सोडण्याचा निश्चय करीत. आठवड्यातील एका ठरावीक दिवशी शेतावरची माणसे मोठ्या संख्येने एकत्र येतात आणि त्या दिवशी मालकाच्या हाकेपेक्षा आरतीची वेळ महत्त्वाची मानतात, एवढी एक गोष्टसुद्धा त्या काळच्या सालदारी व्यवस्थेत लहान नव्हती. सातपुड्याच्या वाड्या-पाड्यांतून आणि सीमेपलीकडच्या संस्थानी मुलखातूनही लोक पायी येऊ लागले. उपदेशाचा गाभा एका शब्दात मावत असे: प्रत्येकाने प्रत्येकाला ‘आप’ म्हणावे. ज्या माणसाला जन्मभर ‘ए’ आणि ‘अरे’ याच हाका ऐकायची सवय होती, त्याला शेजारी, बायको आणि पोरसोर ‘आप’ म्हणू लागली आणि जयघोषही ‘आप की जय’ असाच झाला. पुढे पंथाला हेच नाव पडले. आदरार्थी सर्वनाम ही वरिष्ठांची मिरास असते, या समजुतीलाच त्याने धक्का दिला.

काळही अनुकूल होता. डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशात फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले होते, आणि जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ मुंबई इलाख्यात अधिकारावर येऊन दारूबंदीची भाषा करू लागले होते. तरीही ‘आप’ ही काँग्रेसची शाखा नव्हती. तिला कोणी बाहेरून घडवले नाही. १९३८ च्या जुलैत गुलाम महाराजांचे निधन झाले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी धुरा सांभाळली. चळवळ आता जमीनदार आणि दुकानदार यांच्या हितसंबंधांना उघडपणे भिडू लागली, प्रशासनाला जमावाची धास्ती वाटू लागली, आणि १९४१ मध्ये रामदास महाराजांना पश्चिम खानदेशातून हद्दपार करण्यात आले. आरती म्हणणाऱ्यांच्या म्होरक्याला जिल्ह्याबाहेर घालवण्याची पाळी सरकारवर यावी, यातच त्या आरतीचे वजन कळते.

जमैकात याच वर्षांत घडलेल्या घटना पाहिल्या म्हणजे साम्य डोळ्यांत भरते. २ नोव्हेंबर १९३० रोजी इथिओपियात रास तफारी मकोनेन हे हैले सेलासी या नावाने सम्राट झाले, आणि गुलामगिरीतून सुटूनही उसाच्या मळ्यांत पिचत राहिलेल्या जमैकातील काही कृष्णवर्णीयांनी त्यांच्यात ईश्वरी अवतार पाहिला. ‘रास्ताफारी’ हे पंथाचे नाव सम्राटांच्या मूळ नावावरून आले. लिओनार्ड हॉवेल या प्रवर्तकाने १९३३ पासून, आपला राजा लंडनमध्ये नसून आफ्रिकेत आहे, असे सांगण्यास आरंभ केला. १९३४ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली, आणि १९४० मध्ये त्याने पिनॅकल येथे अनुयायांची वसाहत उभारली, तिच्यावरही पोलिसांचे छापे पडत राहिले. हॉवेलने आपली पुस्तिका जी. जी. मराग या टोपणनावाने प्रसिद्ध केली. हे नाव हिंदी ‘महाराज’वरून आले असावे, असे अभ्यासक मानतात, कारण १८४५ पासून जमैकात करारबद्ध हिंदी मजूर येत होते आणि त्यांच्याबरोबर गांजा व साधूंच्या जटांचा परिचयही तेथे पोचला होता. हे मजूर बहुतांशी गंगेच्या खोऱ्यातले असल्यामुळे त्यांचा मोरवडशी काही संबंध जोडण्याचा मोह आवरलेला बरा.

आचारधर्मातील साम्य त्याहून बोलके आहे. गांजाला रास्ताफारींनी पवित्र मानले हे सर्वांना ठाऊक असते. पण त्यांच्यातील निष्ठावंत दारूला शिवत नाहीत आणि पुष्कळ जण मांसही वर्ज्य मानतात, ही बाब सहसा सांगितली जात नाही. ‘मी’ आणि ‘तू’ यांतील भेद पुसण्यासाठी त्यांनीही बोलण्यातील सर्वनामे बदलली, आणि ‘मी आणि मी’ असा प्रयोग ‘आपण’ या अर्थी रूढ केला. त्यांच्या उपासनेत तीन प्रकारचे ढोल असतात: एक मोठा ढोल खर्जातील ठोका धरतो, दुसरा हृदयाच्या स्पंदनासारखी संथ लय अखंड चालू ठेवतो, आणि तिसरा, आकाराने लहान, त्या दोहोंवर मुक्तपणे बोलतो. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथे होळीच्या रात्री एकामागून एक येणाऱ्या ढोलांचा, कमरेला दुधी भोपळे व घुंगरू बांधलेल्या नाचणाऱ्यांचा आणि डोक्यावरील मोरपिसांच्या टोपांचा जो सोहळा चालतो, त्यातही ढोल हे साथीचे वाद्य राहत नाही. रात्रभर माणसे त्याच्या मागे चालतात. मात्र ‘आप’ने या ढोलाला आपल्या उपासनेत मध्यवर्ती स्थान दिले नाही. तिने आरतीचा, म्हणजे मैदानी हिंदू समाजाला परिचित असलेला साचा घेतला, आणि तेथे दोन्ही पंथांच्या संगीताची वाट वेगळी झाली. जमैकाने आपल्या आफ्रिकी ढोलातून नवे संगीत घडवले. मोरवडने जुन्या साच्यात नवा आशय ओतला. त्याने प्रतिष्ठा मिळवून दिली, पण बाहेरच्या कानाला त्यात अपूर्व असे काही ऐकू आले नाही.

१९६८ च्या सुमारास किंग्स्टनच्या ध्वनिमुद्रण केंद्रांत रेगेचा ठेका स्थिर झाला. प्रत्येक मात्रेच्या मधल्या, एरवी रिकाम्या जागेवर गिटारचा आघात आणि तळाशी ठळक खर्ज, ही त्याची ओळख. बॉब मार्ली (१९४५-१९८१) यांचे नाव सर्वतोमुखी असले तरी परदेशी स्थायिक झालेल्या रास्ताफारी गायकाच्या कारकिर्दीचा नमुना म्हणून विन्स्टन रॉडनी, म्हणजेच ‘बर्निंग स्पिअर’, यांचे उदाहरण अधिक उपयोगी पडते. आफ्रिकावादी नेते मार्कस गार्वी यांच्याच सेंट ॲन्स बे या गावी जन्मलेल्या रॉडनींनी १९६९ मध्ये किंग्स्टनच्या स्टुडिओ वनमध्ये गायनाला प्रारंभ केला. त्यांचा ‘मार्कस गार्वी’ हा संच १९७५ मध्ये निघाला. परंतु ब्रिटनमध्ये आयलंड या कंपनीने तो गोऱ्या श्रोत्यांना रुचेल असा फेरमिश्रित करून विकला, आणि त्या अनुभवानंतर त्यांनी स्वतःची ध्वनिमुद्रिका-संस्था काढली. पुढे ते न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहू लागले, आणि २००० व २००९ मध्ये त्यांना ग्रॅमी पारितोषिके मिळाली. देश सोडल्यामुळे त्यांचा विषय बदलला नाही. उलट, १९४८ पासून ब्रिटनमध्ये आणि नंतर अमेरिकेत गेलेले लाखो कॅरिबियन स्थलांतरित हाच त्यांच्यासारख्यांचा पहिला, हक्काचा श्रोतृवर्ग होता. गोरा श्रोता मागाहून आला.

नंदुरबारचे आदिवासीही स्थलांतर करतात, पण ते कोयता घेऊन दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपताच परततात. या मजुरांना ध्वनिमुद्रिका विकत घेण्याची ऐपत नव्हती, त्यांच्या टोळीला स्थायी वस्ती नव्हती, आणि त्यांची भाषा शहरातील कोणत्याही कंपनीच्या हिशेबात नव्हती. जमैकाच्या गायकाला इंग्रजीच्या नात्याने जगाचा दरवाजा अर्धा उघडाच मिळाला होता. भिली गायकाला मराठीचा दरवाजादेखील वाजवावा लागला.

गाणे मात्र थांबले नाही. शहादे तालुक्यातील पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती हे सर्वोदयाच्या संस्कारात वाढलेले भिल्ल कार्यकर्ते. लोक त्यांनाही ‘महाराज’ म्हणत, कारण भजन आणि संघटना यांत त्यांनी भेद मानला नाही. २ मे १९७१ रोजी पाटीलवाडी येथे आदिवासींवर गोळीबार झाला, त्यानंतर ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भूमुक्ती मेळावा भरला, आणि त्याच वर्षी बाहेरून आलेल्या तरुण कार्यकर्त्यांच्या सहभागाने श्रमिक संघटना स्थापन झाली. या काळात बायकांनी गावागावांत दारूचे मटके फोडले. त्यांच्यापैकी कित्येकींनी घरी ‘आप’ची आरती आजीच्या तोंडून ऐकलेली असणार, असे अनुमान करण्यास हरकत नाही. १९७४ मध्ये अंबरसिंग अकाली गेले. पुढे वाहरू सोनवणे यांच्या कवितेने आणि नर्मदा आंदोलनातील गीतांनी ही परंपरा पुढे नेली, पण त्या प्रत्येक वेळी गाणे सभेसाठी रचले गेले आणि सभा पांगल्यावर लोकांच्या कंठातच राहिले.

आज ध्वनिमुद्रणाचा अडसर उरलेला नाही. ‘टिमली’ नावाची आदिवासी नाचगाणी भ्रमणध्वनीवरून सातपुड्याच्या तिन्ही राज्यांत फिरतात आणि लग्नातील ध्वनिवर्धकांवर कानठळ्या बसवतात; त्यांचा आशय बहुधा प्रेमाचा आणि थट्टेचा असतो, तो तसा असण्यात काही गैरही नाही. दुसरीकडे, रेगेचा समावेश युनेस्कोने नोव्हेंबर २०१८ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात केला. अशा मान्यतेला लोकसंख्येचा निकष लावायचा म्हटले, तर जमैकाची वस्ती तीस लाखांच्या आत आहे, आणि २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी ही मातृभाषा नोंदवणाऱ्यांची संख्या एक कोटी चार लाखांहून अधिक आहे. इतक्या लोकांची ही भाषा अद्याप राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही.